जिन्यातली बॅच

नवी पदं मंजूर करणारी समिती पहिल्यांदा आली ती त्र्याऐंशी सालच्या डिसेंबरात, आणि आमच्या रसायनशास्त्र विभागाने मागितलेली दोन्ही पदं तिने नाकारली. ती दोन पदं म्हणजे मी आणि ग्रेसी. कागदावर आमची नावं नव्हती, कागदावर नुसतं अधिव्याख्याता, जागा दोन, एवढंच, पण शिपायापासून प्रिन्सिपॉलपर्यंत कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं की पदं मंजूर झाली तर या दोघी कायम होतील, नाही झाली तर एप्रिलला पुन्हा घरी.

मी सुमन परब. मूळ गाव मालवणजवळ, पण माझा जन्म जोगेश्वरीचा. वडील आधी गिरणीत होते, मग मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फिटर म्हणून लागले. चाळीत एक खोली, त्यात आम्ही पाच जण, मी बाहेरच्या गॅलरीत बसून बी.एस्सी. केलं आणि तिथेच बसून एम.एस्सी. केलं. रसायनशास्त्रच का विचाराल तर इस्टेटीत औषधांच्या कंपन्या होत्या, पांढरे कोट घातलेल्या मुली गेटातून आत जाताना वडिलांनी बघितल्या होत्या, ते म्हणाले हे घे. मी घेतलं. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. पण कंपनीत गेलेच नाही. एम.एस्सी. झाल्यावर अंधेरीच्या या कॉलेजात कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेवर म्हणून शिकवायला उभी राहिले, आणि काय सांगू तुम्हाला, तेच आवडलं.

रजेवरच्या बाई परत आल्या तरी मला सोडलं नाही, कारण तोपर्यंत विभाग फुगायला लागला होता. आधी गिरगाव, दादरला राहणारी माणसं बोरिवली, मुलुंडला जागा घ्यायला लागली होती, त्यांची मुलं आमच्याकडे. आणि सगळ्यांना केमिस्ट्री पाहिजे, कारण बी.एस्सी. केमिस्ट्री झालं की मरोळला नाहीतर चकाल्याला कुठेतरी चिकटता येतं. मुलं वाढली, तुकड्या वाढल्या, शिक्षक मात्र विभाग सुरू झाला तेव्हा होते तेवढेच. वर मी आणि ग्रेसी, दोघी टेम्पररी. जूनला ऑर्डर, एप्रिलला मोकळं करायचं, पुन्हा जूनला नवी ऑर्डर. मधले दोन महिने मी दहावीच्या शिकवण्या घ्यायची.

ग्रेसी मरोळ गावठाणातली. त्यांची भातशेती होती, ती इस्टेटीत गेली. म्हणजे माझे वडील जिथे फिटर होते ती जमीन एके काळी हिच्या घरची असेल, असं ती मला चिडवायची, तुझा बाप आमच्या शेतात कामाला हाय गं, म्हणायची. माझ्याआधी एक वर्ष लागली होती. तशी मैत्रीण, पण एकाच नोकरीच्या रांगेतली मैत्रीण, हे दोघींनाही माहीत होतं आणि दोघीही त्यावर बोलत नव्हतो.

घरी मला बघायला येणारे पहिला प्रश्न विचारायचे, नोकरी कायम आहे का. आम्ही खरं सांगायचो. मग चहा पिऊन जायचे आणि कळवतो म्हणायचे. आई मला दर रविवारी विचारायची, गो सुमन, तुका कायम कधी करतले? मी म्हणायची, पद मंजूर झालं की. ती म्हणायची, पोरां बसतत, तू शिकवतंस, आणि पद नाय? मी म्हणायची, आई, पद असं आपोआप होत नाही, ते सिद्ध करावं लागतं.

सिद्ध कसं करायचं, तर वर्कलोडवर. प्रॅक्टिकलला वीस मुलांची एक बॅच आणि एका बॅचला एक शिक्षक, असा नियम. जेवढ्या बॅचेस वेळापत्रकात, तेवढे तास. तास सध्याच्या शिक्षकांत बसत नसतील तर नवीन पद. साधं गणित आहे. पण आमचे विभागप्रमुख पेंडसे सर, त्यांनी हा विभाग उभा केलेला, पहिली ब्युरेट, टायट्रेशनची ती काचेची नळी, स्वतः जाऊन आणलेली, त्यांची पद्धत वेगळी. शिक्षक कमी पडला की सर म्हणायचे, सांभाळून घेऊ. म्हणजे दोन बॅचेस एकत्र करायच्या, एका ब्युरेटवर तिघे, एक टायट्रेशन करतो, दुसरा लिहितो, तिसरा बघतो. मी एका टोकाला, सर दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या बेसिनशी सल्फाइडच्या वासात कोण काय करतंय देवाला माहीत. वेळापत्रकात ती एकच बॅच दिसायची. सरांना त्याचा अभिमान होता. आमच्याकडे एकही प्रॅक्टिकल बुडत नाही, हे वाक्य ते वार्षिक अहवालात दर वर्षी घालायचे.

तर ती पहिली समिती. येणार म्हटल्यावर आम्ही काय केलं, तर आठवडाभर लॅब घासली. फरशीवरचे ॲसिडचे डाग घालवायला सकपाळ, आमचे लॅब अटेंडंट, दगड घेऊन बसले. फुटक्या बाटल्या माळ्यावर. दाराशी रांगोळी ग्रेसीने काढली. सरांनी दोन बॅचेसमधली अर्धी मुलं निवडून आत ठेवली आणि उरलेल्यांना त्या दिवशी सुट्टी दिली, म्हणजे गर्दी वाटायला नको. मला हे त्या वेळी अजिबात खटकलं नाही. घरी पाहुणे यायचे असले की आम्हीही अंथरुणं शेजारच्या खोलीत नेऊन टाकायचो.

समितीत तिघं होती, अध्यक्ष सबनीसबाई म्हणून, उंच, खादीची साडी, बोलायला सरळ. त्या लॅबभर फिरल्या. प्रत्येक ब्युरेटपाशी एक मुलगा शांतपणे काम करतोय. बटाटेवडे झाले, चहा झाला. जाताना म्हणाल्या, पेंडसे, तुमच्याकडे छान चाललंय. सर इतके खूश झाले की त्यांना फाटकापर्यंत सोडून आले. महिन्याभराने उत्तर आलं, उपलब्ध शिक्षकांमध्ये काम समाधानकारक चालू असल्याने अतिरिक्त पदांची आवश्यकता दिसत नाही.

ग्रेसीने ते वाचलं आणि म्हणाली, बघ, रांगोळी जरा कमी काढायला पाहिजे होती. हसलो दोघी.

पुढच्या जूनला वेळापत्रक लावायच्या वेळी मी सरांना म्हटलं, सर, या वर्षी बॅचेस एकत्र करायच्या नाहीत. ते म्हणाले, मग मुलं जाणार कुठे. मी म्हटलं, कुठेच नाही, शिक्षक नसेल तर बॅच बाहेर बसेल. ते चिडले. माझ्या विभागातली मुलं बाहेर बसणार? मी म्हटलं, आत कोंबली की ती कुणाला दिसतच नाहीत. चार दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला वाटलं, वाट लागली, आता पुढच्या जूनला ऑर्डर काही निघत नाही. पाचव्या दिवशी नोटीस बोर्डावर वेळापत्रक लागलं. सगळ्या बॅचेस वेगळ्या, नियमाप्रमाणे. आणि गुरुवारच्या एका बॅचपुढे शिक्षकाच्या रकान्यात रेघ.

ती बॅच दर गुरुवारी लॅबबाहेरच्या जिन्यात बसायची. पायऱ्यांवर. एका मुलाचे वडील येऊन सरांवर ओरडून गेले, आम्ही फी कशाची भरतो म्हणाले. सरांनी ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी ते माझ्यापाशी आले. म्हणाले, परब, मला हे जमणार नाही. मुलांचं नुकसान करून पदं मिळवायची नाहीत. मग ठरलं की त्या बॅचला रविवारी बोलवायचं. सर आणि मी, आलटून पालटून. वेळापत्रकात काही लिहायचं नाही, मुलांनाही सांगितलं, बाहेर बोलू नका. म्हणजे बघा, पुन्हा तेच. काम करायचं आणि लपवायचं. पण मुलं ब्युरेट धरायला शिकली हे खरं. आई म्हणायला लागली, आता रविवारपण? आणि तरी कायम नाय?

दुसऱ्यांदा समिती आली ती गुरुवारीच. तारीख त्यांनी दिली होती, आम्ही मागितली नव्हती. या खेपेला रांगोळी नाही, डाग होते तसे, चहाबरोबर फक्त बिस्किटं. सरांच्या केबिनमध्ये आम्ही बसलो होतो, सर, मी, ग्रेसी. दार उघडं होतं, समोर जिना दिसत होता. मुलं पायऱ्यांवर, मांडीवर जर्नल घेऊन. खालून सबनीसबाईंचा आवाज आला. पहिल्या मजल्यावर पोचल्या असतील. आणि सर उठले. मला कळलं ते काय करणार. ते मुलांना आत घेणार होते. पाहुणे येताहेत आणि पोरं पायऱ्यांवर, हे त्यांना सहन होणार नव्हतं. लॅबची चावी त्यांच्या हातात होती. ते दारापर्यंत गेलेसुद्धा.

मी म्हटलं, सर, बसा.

मोठ्याने नाही म्हटलं, पण म्हटलं. टेम्पररी बाई विभागप्रमुखाला बसा म्हणतेय. ग्रेसी माझ्याकडे बघायला लागली. सर दारात उभे राहिले, मागे वळले, आणि बसले. चावी टेबलावर ठेवली.

सबनीसबाई जिना चढून आल्या. मुलांनी उठून वाट दिली. त्यांनी विचारलं, इथे का बसलात. एक मुलगी होती, पाटकर आडनावाची, ती म्हणाली, आमच्या बॅचला टीचर नाही. बाई म्हणाल्या, मग तुमची प्रॅक्टिकल्स झालीच नाहीत? त्या पोरीला काय वाटलं कोण जाणे, बहुतेक वाटलं आपल्या सरांची बदनामी होतेय. म्हणाली, झाली ना, सगळी झाली, रविवारी सर आणि परब मॅडम घेतात.

बाई आत आल्या. बसल्या नाहीत. सरांना विचारलं, हे खरं आहे? मी म्हटलं, खरं आहे. त्या म्हणाल्या, मग वेळापत्रकात का नाही. सर म्हणाले, ते कामात धरायचं नसतं, ते आपण आपलं करतो. बाई म्हणाल्या, आणि गेल्या वर्षी मी पाहिलं तेव्हा? तेव्हाही असंच? सर हो म्हणाले. त्या उभ्या उभ्या सरांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, पेंडसे, तुम्ही काम करता आणि मला सांगता काम नाही. मी पदं देऊ कशावर? मग खुर्ची ओढून बसल्या आणि चहा मागितला. जाताना एवढंच म्हणाल्या की रविवार धरून, एकत्र केलेल्या बॅचेस वेगळ्या दाखवून, सगळं नव्याने लिहून आठवड्याभरात पाठवा.

ते मी आणि ग्रेसीने बसून लिहिलं. सरांनी सही केली.

पद मंजूर झालं. एक. दुसऱ्याचा विचार पुढे करू म्हणाले. जाहिरात आली, बाहेरचेही उमेदवार आले, मी आणि ग्रेसी अंधेरीहून एकाच बसने इंटरव्ह्यूला गेलो. बसमध्ये तिने मला विचारलं, तुला काय विचारतील असं वाटतं. मी म्हटलं, तुला जे विचारतील तेच. निवड ग्रेसीची झाली. तिची नोकरी माझ्यापेक्षा एक वर्षाने जुनी, एम.एस्सी.ला फर्स्ट क्लास, माझा सेकंड. यात चूक काही नव्हती. ती पेढे घेऊन आमच्या खोलीवर आली. आईने दोन पेढे घेतले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि ग्रेसी गेल्यावर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. का बोलली नाही ते मी विचारलं नाही. जिना तू धरलास आणि चढली ती, असं शेजारची म्हणाली. मी म्हटलं, काकी, जिना कॉलेजचा आहे.

आता शहाऐंशी चालू आहे. मी अजून टेम्पररी. या जूनला ऑर्डर निघाली, सरांनी स्वतः आणून हातात दिली. रविवारची बॅच आता शनिवारी असते, वेळापत्रकात लिहिलेली, ती ग्रेसी घेते. पण मुलं पुन्हा वाढली आहेत, त्यामुळे गुरुवारी परत एक बॅच जिन्यात बसते. सर पुढच्या वर्षी रिटायर होतात. त्याआधी दुसऱ्या पदाचा प्रस्ताव त्यांनी पाठवला आहे, या वेळी काही न लपवता.

गेल्या महिन्यात सकपाळांना मुलांची दया आली. पायऱ्या थंड असतात म्हणून त्यांनी तळमजल्यावरून दोन बाकडी वर आणली आणि जिन्याच्या वळणावर लावली. मुलं त्यावर बसून जर्नल लिहितात, कोणी तर डबाही खातं. छान वाटतं बघायला. परवा सरांनी ती बाकडी बघितली आणि केबिनमध्ये गेले. थोड्या वेळाने मला बोलावून म्हणाले, परब, समिती यायच्या आधी ती बाकडी तेवढी खाली न्यायला सांग, नाहीतर पुन्हा छान चाललंय म्हणतील.

मी अजून सांगितलेलं नाही. समितीची तारीख अजून आलेली नाही.