फळ्याखालचं नाव

मंडळी, नमन झालं, गजर झाला. आता आख्यानाला बसण्याआधी एक प्रश्न विचारते. उत्तर लगेच देऊ नका, मनात ठेवा.

आपण जे बोलतो, जे लिहितो, त्याच्याखाली आपलं नाव घालायची आपली तयारी असते का?

सोपा वाटतो ना प्रश्न? मलाही वाटला होता. एकोणीस वर्षांची होते तेव्हा.

दरवर्षी ह्या उत्सवात मी इथं उभी राहते आणि तुम्हाला राजांच्या, ऋषींच्या गोष्टी सांगते. आज कुणा राजाची गोष्ट नाही. ह्या मारुतीच्या देवळाच्या बाहेर, पिठाच्या गिरणीकडच्या भिंतीवर एक काळा फळा आहे, त्याची आहे. आज येताना किती जणांनी पाहिला? पाहिला नसेल तर हरकत नाही, जाताना पाहालच.

तो फळा माझ्या वडिलांचा. निवृत्ती साळोखे. आमच्या नगरपरिषदेत ते पाणी सोडायचं काम करायचे. तरुण मंडळींना सांगते, तेव्हा कुणाच्या गच्चीवर टाकी नव्हती. रोज सकाळी एक तास पाणी यायचं. आप्पा खांद्यावर ती लांब लोखंडी चावी घेऊन निघायचे, रस्त्यातलं झाकण उचलायचे, चावी खाली घालून दोन्ही हातांनी फिरवायचे. मग नळांतून आधी नुसती हवा यायची. आठवतो तो आवाज? घरोघरच्या नळांनी एकदम खाकरल्यासारखा. त्या आवाजावर आख्खी गल्ली उठायची. पुढची ओळ बसली आहे ना, ती मान हलवतेय. त्या सगळ्यांनी हंडे लावलेले आहेत.

पण चावीच्या आधी फळा. आप्पा पहाटे इथं यायचे, ओल्या फडक्यानं फळा पुसायचे, वाळेपर्यंत मारुतीला नमस्कार करायचे आणि मग लिहायचे. शाळा चौथीपर्यंतच झालेली. अक्षर मोठं, एका ओळीत चार-पाच शब्द. काय लिहायचे?

‘आज पाणी उशिरा. मोटर तापली. सातला येईल असं वाटतं. खात्री नाही. निवृत्ती.’

एवढंच. नाव रोज, शेवटी. त्यांच्या सदऱ्याचा खिसा खडूनं कायम पांढरा असायचा. आई धुऊन धुऊन थकली, तो पांढरेपणा गेला नाही.

आता मी कुठं होते? मी तालुक्याच्या कॉलेजात. विषय कोणता घेतला होता? जनसंपर्क! आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा आई म्हणाली, “म्हणजे काय गं? लोकांशी बोलायचं? ते शिकायला कॉलेज लागतं?”

आप्पा म्हणाले, “लागत असेल. आपल्याला कुठं येतंय.”

आमचे किणीकर सर चांगले होते, तळमळीनं शिकवायचे. त्यांनी वर्गाला काम दिलं. आपल्या गावातल्या एका कार्यालयाचा जनसंपर्क पंधरा दिवस बघा, आणि त्यात सुधारणा सुचवा. सगळ्यांनी बँका घेतल्या, साखर कारखाने घेतले. मी काय घेतलं? बापाचा फळा.

पंधरा दिवस वही घेऊन आप्पांच्या मागं हिंडले. आणि संध्याकाळी जेवताना त्यांना सुधारणा सुचवायला लागले. ऐका माझी हुशारी.

“आप्पा, ‘खात्री नाही’ असं लिहू नका. त्यानं संस्थेवरचा विश्वास कमी होतो.”

“पण खात्री नसतीच की गं.”

“नसली तरी. आणि खाली नाव कशाला? तुम्ही म्हणजे नगरपरिषद नाही. सूचना कार्यालयाची असते, माणसाची नसते.”

आप्पांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. “बरं,” म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फळ्यावर ‘खात्री नाही. निवृत्ती.’

पेटीवाले काका हसताहेत. तुमच्याकडेही कॉलेजात जाणारं कुणीतरी आहे वाटतं.

तर मंडळी, असाच चैत्र होता. ऊन आत्तासारखंच. माझ्या पंधरा दिवसांतल्या तेराव्या दिवशी पहाटे निरोप आला, नदीकडची मोठी पाईप फुटायला आलीय. आजचं पाणी कसंबसं निघेल, मग दुरुस्तीला दोन दिवस. आप्पांना पाणी सोडून तडक तिकडं जायचं होतं. त्यांनी खिशातला खडू काढून माझ्या हातात दिला.

“वैजू, फळा लिही. आज पाणी भरून ठेवा म्हणावं, उद्या-परवा न्हाई. पाईप फुटायला आलीय. जमंल ना?”

जमेल ना म्हणे! मी दोन वर्षं जनसंपर्क शिकत होते.

मी फळा पुसला. वाळायची वाट पाहिली. आणि सुंदर, सरळ ओळींत लिहिलं: ‘सूचना. तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा काही काळ अनियमित राहील. नागरिकांनी सहकार्य करावे.’

खाली नाव घातलं नाही. चार पावलं मागं जाऊन पाहिलं. छापल्यासारखं दिसत होतं.

लोक आले, वाचून गेले. कुणी म्हणालं, उशिरा येणार असेल. कुणी म्हणालं, धार बारीक असेल. रोजच्याएवढं पाणी भरून सगळे आपापल्या कामाला लागले. एवढ्यात हौसाक्का आल्या. गिरणीमागं राहायच्या, घरोघरी धुण्याभांड्यांची कामं करायच्या. वाचता येत नव्हतं. रोज आप्पाच त्यांना वाचून दाखवायचे. घरात सून, शालन, बाळंत झालेली, चौथा दिवस.

हौसाक्कांनी विचारलं, “वैजू, काय लिवलंयस बाई? उद्या पाणी येतंय का न्हाई?”

मंडळी, किती साधा प्रश्न. उत्तर मला माहीत होतं. एक शब्द होता, ‘नाही’. आणि मी काय म्हणाले?

मी म्हणाले, “मावशी, लिहिलंय ना तिथं सगळं. अनियमित राहील.”

“म्हंजे?”

“म्हणजे थोडं मागंपुढं होईल.”

“हां, मग काय न्हाई,” असं म्हणून त्या गेल्या. मागंपुढं तर रोजच होतं. घरात जपून ठेवलेल्या दोन घागरी होत्या, त्या त्यांनी बाळंतिणीच्या धुण्याला ओतल्या. उद्या पाचवी, घर स्वच्छ पाहिजे. उद्या पाणी येणारच आहे.

उद्या पाणी आलं नाही.

पाचवीचा दिवस म्हणजे बायकांना सांगायला नको. बाळाला आणि आईला न्हाऊ घालायचं, पाटा मांडायचा, सटवी येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात. आणि त्या घरात प्यायला तांब्याभर पाणी. शेजारी तरी कुठून देणार? कुणाकडंच नव्हतं. मी आमच्या घरातून एक घागर घेऊन गेले. हौसाक्कांनी ती घेतली, प्यायला ठेवली. आतून बाळ रडत होतं. मी उंबऱ्याच्या अलीकडंच उभी राहिले.

दुपारी आप्पा परतले. कमरेपर्यंत चिखल, डोळे लाल. देवळापाशी थांबले, फळा वाचला. एकदा वाचला, परत वाचला. मला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, “हौसाकडं काय झालं?”

मी सांगितलं.

आप्पांनी सायकलच्या दोन्ही बाजूंना दोन डबे बांधले आणि बाहेरच्या मळ्यातल्या विहिरीवर गेले. तशाच चिखलाच्या अंगानं. चार खेपा केल्या. संध्याकाळ व्हायच्या आत बाळाला न्हाऊ घातलं, पाचवी पूजली गेली. मग इथं आले, फडकं कोरडंच, त्यानंच फळा पुसला, आणि लिहिलं. मी शेजारी उभी होते. अक्षर न् अक्षर पाठ आहे.

‘काल लिहिलं ते कळण्यासारखं नव्हतं. चूक माझी. उद्या पण पाणी नाही. मळ्यातल्या विहिरीवरनं आणा, मालकाला विचारलंय. निवृत्ती.’

मी म्हणाले, “आप्पा, ते मी लिहिलं होतं. तुमचं नाव का घातलंत?”

ते खडू खिशात टाकत म्हणाले, “तू नाव घातलंच न्हवतंस. जागा मोकळी हुती.”

पुढं एक शब्द नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

आता तुम्ही म्हणाल, मुलीचे डोळे उघडले, तिनं जाऊन हौसाक्कांचे पाय धरले. तसं झालं असतं तर गोष्ट इथंच संपवून मी आरती घेतली असती. तसं झालं नाही. मी अठरा पानांचा अहवाल लिहिला. त्यात तेराव्या आणि चौदाव्या दिवसाबद्दल एक ओळ होती: ‘दुरुस्तीच्या काळात नागरिकांना लेखी सूचना देण्यात आली.’

खोटं होतं का त्यात काही? एक शब्द नाही.

वर्गात माझा पहिला नंबर आला. आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. प्रत्येक घरी स्वतः गेले, “वैजू पयली आली,” म्हणत. हौसाक्कांच्या घरीही गेले. मी मागं ताट धरून उभी होते. हौसाक्कांनी पेढा घेतला, अर्धा सुनेला दिला, माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, “शिकली बाई पोर.”

ह्याला तेवीस वर्षं झाली. मी नोकऱ्या केल्या, सोडल्या, पुस्तकं वाचली, वीणा गळ्यात घेतली. नळांना टाक्या आल्या, आप्पा निवृत्त झाले, तरी फळा पुसायला रोज यायचे. लिहायला काही नसलं की ‘आज ऊन फार आहे. जपा. निवृत्ती’ असं लिहायचे. गेल्या चैत्रात ते गेले.

तेराव्याला हौसाक्का आल्या होत्या. आता ऐंशीच्या पुढं आहेत. पंगत उठल्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि इतक्या वर्षांनी म्हणाले, “मावशी, तुमच्या नातीच्या पाचवीला पाणी नव्हतं, ते माझ्यामुळं. तो फळा आप्पांनी लिहिला नव्हता.”

त्या हसल्या. “अगं, ते आख्ख्या गल्लीला ठावं हुतं. निवृत्तीला तसलं लिवता आलं असतं तर त्यो सायेब न्हाई का झाला असता?”

“मग कुणीच मला कधी काही म्हणालं कसं नाही?”

“त्यानं खाली नाव घातलं हुतं. मग आमी काय बोलणार?”

मंडळी, मी इतकी वर्षं समजत होते की माझं गुपित बापानं झाकलं. गुपित नव्हतंच. सगळ्या गावाला माहीत होतं, आणि एका माणसाच्या सहीचा मान राखून गाव गप्प बसलं होतं. पेढे खाताना सगळ्यांना माहीत होतं. मला एकटीला माहीत नव्हतं.

आता सुरुवातीचा प्रश्न काढा बाहेर. मनात ठेवायला सांगितला होता.

आपण रोज इथं येतो, हात जोडतो. देवाला काय सांगतो? ‘काही कारणानं यायला जमलं नाही. घरात थोडं मागंपुढं झालं. भावाशी बोलणं जरा अनियमित आहे. सहकार्य करावे.’ हसू नका, मीही हेच सांगते. त्याच्यासमोरही आपण छापल्यासारखी सूचना ठेवतो आणि खाली जागा मोकळी सोडतो. त्याला काय, गल्लीला माहीत होतं ते त्याला माहीत नसेल? तो बोलत नाही, म्हणून आपल्याला वाटतं कळलं नाही.

आणि घरी? सून विचारते, पोरगा विचारतो, म्हातारी आई विचारते, येणार आहेस का नाही? किती जणांनी ह्या आठवड्यात म्हटलं, ‘बघू, जमवतो’?

आज पहाटे मी तो फळा ओल्या फडक्यानं पुसला. वाळेपर्यंत मारुतीला नमस्कार केला. आणि लिहिलंय: ‘हौसाक्का, त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं, पाणी येणार नाही. मी सांगितलं नाही. चूक माझी. वैजयंता निवृत्ती साळोखे.’

हौसाक्का इथंच बसल्या आहेत, खांबाला टेकून. त्यांना वाचता येत नाही. म्हणून वाचून दाखवलं.

खडू फळ्याच्या खालच्या पट्टीवर ठेवला आहे. फळा मोठा आहे, माझ्या चार ओळींखाली बरीच जागा उरली आहे. जाताना ज्याला लिहावंसं वाटेल त्यानं लिहा. अक्षर कसंही चालेल.

आता देवाचं नाव घेऊ. मोठ्यानं घ्या, आपापल्या आवाजात.