जुना कॅमेरा, नवा कॅमेरा आणि एक बोळकं

...आणि वर तो दुकानदार मलाच सांगतो, "आजोबा, जुनाच घ्या!" आता ज्याच्या काचेच्या कपाटात यंदाचा नवाकोरा कॅमेरा झळकतोय, तो माणूस आपल्या तोंडाने तीन वर्षांपूर्वीचा घ्या म्हणेल? का म्हणेल? मी काही संशयी माणूस नाही, तुम्हाला सांगतो, पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच!

तसं मागणं केवढंसं हो? नात सहा महिन्यांची. हसली की नुसत्या गुलाबी हिरड्या! खालची हिरडी शिवशिवतेय, हाताला लागेल ते तोंडात... लेक म्हणाली, "बाबा, आठवड्याभरात दात दिसेल हं." म्हणजे ते बोळकं चार दिवसांचं पाहुणं! त्याचा एक चांगला फोटो हवा होता मला, बस्स! फोनवर नको, फोनमध्ये गेलेला फोटो कोणाला परत सापडलाय का? म्हणून छोटासा मिररलेस कॅमेरा, खिशात मावेल असा. जुना की नवा, एवढंच ठरवायचं होतं.

दुकानदार म्हणे, "आतला सेन्सर तोच, लेन्स तीच. नव्यात फोकस जरा चपळ, इतकंच." मी म्हटलं, "मग कंपनीने नवा काढला कशाला?" तर म्हणतो, "ते कंपनीला विचारा." बघा! बघा कसा लपवतोय!

गेलो समोरच्या दुकानात. तिथली पोरगी म्हणते, "काका, नवाच घ्या, चेहरा ओळखतो तो!" माझ्या नातीचा चेहरा? ओळखतो आणि... सांगतो कोणाला? मी काही संशयी माणूस नाही, पण हे विचारल्यावर ती हसली. का हसली?

पुन्हा पहिल्या दुकानात. स्वतःचं कार्ड नेलं, दोन्ही कॅमेऱ्यांत घातलं, दुकानदाराचेच अकरा-अकरा फोटो काढले आणि घरी येऊन हिच्यापुढे ठेवले. म्हटलं, "सांग, जुना कुठला, नवा कुठला?" चष्मा लावून बघितलं हिने. म्हणाली, "अहो, दोन्हींत तो बिचारा सारखाच वैतागलाय."

मग मी सापळा लावला. सरळ जाऊन म्हटलं, "नवा घेतो." तो म्हणाला, "घ्या." इतक्या सहज? म्हटलं, "नको, जुनाच घेतो." म्हणाला, "घ्या." दोन्हींना घ्या! मग ह्यातलं खरं कुठलं? मी काही संशयी माणूस नाही हो, पण असल्या माणसावर विश्वास ठेवायचा कसा?

ह्यात आठ दिवस गेले. नवव्या दिवशी घेतला एकदाचा. जुना! घरी आणून खोक्याचं सील भिंगातून तपासलं, बॅटरी चार्जिंगला लावली, सकाळी उठल्याउठल्या तोंडसुद्धा न धुता कॅमेरा गळ्यात अडकवला, तर लेक ओरडतेय, "बाबा, दात आला!"

शक्यच नाही! दूध लागलं असेल! मी कॅमेरा हिच्या हातात दिला आणि खात्री करायला नातीच्या तोंडात बोट घातलं... चावली! काय चावली म्हणता! दातच होता हो. मी ओरडलो, आणि खरं सांगतो, बोटापेक्षा मनाला जास्त लागलं. आठ दिवस ते पोर माझ्याकडे बघून हसत होतं आणि मी दुकानदाराकडे बघत होतो!

पण तेवढ्यात हिने बटण दाबलं होतं. फोटो काय सुरेख आलाय! फोकस जागच्या जागी, उजेड झकास, गुलाबी हिरड्या अगदी कडेपर्यंत स्वच्छ, एक दात दिसेल तर शपथ! मोठा करून, चौकट करून हिने भिंतीवर लावलाय. येणारा-जाणारा थांबून बघतो...

बोळकं माझं आहे. कवळी तेव्हा वाटीत होती.