बावीस वर्षं एकाच जिनात

...अन् वरून मलेच इचारते, "काऊन?" तुम्हाले सांगतो, माणूस चोरी करून आला असता तं त्याले पाणी तरी इचारलं असतं, पण मी पुंजाजी, कापूस पारखणारा, मोठ्या दुष्काळाच्या साली मलकापूरच्या सरकी काढायच्या जिनात लागलो, प्लेग आला, जर्मनची लढाई झाली, मी तिथंच, एवढाच माहा गुन्हा! मालक मेले, जिन बंद पडलं, घरात खाणारे सात, म्हणून खामगावच्या जिनात गेलो काम मांगाले. तिथले मॅनेजर किसनराव. चष्मा खाली, डोळे वर. "बावीस वर्षं? एकाच ठिकाणी? काऊन?"

आता काऊन म्हणजे काय सांगू! म्हटलं, "साहेब, काम होतं, करत होतो." तं मुंडी हालवते... "हं. म्हणजे दुसऱ्या कोणी बोलावलंच नाही?" म्हटलं, "बोलावलं, मी गेलो नाही." "काऊन? तिथं वरकमाई होती का?" घ्या! नाही बोलावलं तं बिनकामाचा, बोलावून गेलो नाही तं चोर! अन् आणखी, "तुम्ही एवढे पक्के पारखी, तं जिन बंद काऊन पडलं?" जसं काही मीच इंजिनात माती टाकली!

मले असा राग आला! पण निंघतानी आमच्या झुंबरबाईनं बजावलं होतं, "तोंड आवरजा, नाही तं चुलीवर काय ठेवू?"

मंग म्हणते, "चला, पारख दाखवा." फाटकात देऊळघाटची गाडी उभी, वरचा कापूस कसा पांढराफेक! मी वर पाह्यलंच नाही. कोपरापावतर हात खुपसला, बुडातून मूठभर काढला, गालाले लावला, बोटायनं धागा ओढला अन् म्हटलं, "खालून पाणी मारलं हाये, वजनासाठी." गाडीवाला कडूबा परत जायाले बैल जुपाले लागला. आता किसनराव खूश झाले असतीन, नाही? कुठचं बाप्पा! मलेच बाजूले घेते, "तुम्हाले कसं समजलं? त्याची अन् तुमची अगोदरची ओळख हाये का?"

दमलो हो मी!

शेवटी म्हणते, "ठेवतो. पण सांगा, किती दिवस टिकसान?" आली का पंचाईत? जास्त सांगावं तं "काऊन?" कमी सांगावं तं "पळसान!" म्हटलं, "तुम्ही म्हणसान तितके." तं चष्मा पुसते, "रोजचं रोज पाहू. सकाळी फाटकावर यायचं, नव्या माणसावानी काम मांगायचं. मी हो म्हटलं तं अंदर."

तवापासून जाऊन राह्यलो बाप्पा, अकरावा हंगाम लागला! रोज सकाळी रामराम करतो, रोज म्हणतो, "साहेब, काम हाये का?" ते मले पायापासून डोक्सापावतर पाह्यते. "याच्या पहिले कुठं होते?" "इथंच, साहेब." "किती दिवस?"

मी म्हणतो, "एक दिवस." तवा कुठं त्याईचा भरोसा बसते!