संमती देणाऱ्यांची नावं

मनीषा माझ्याशी का बोलत नाही, ते आज सांगते. शाळेत आम्ही अभ्यासाचं एक सॉफ्टवेअर वापरतो. सर अभिमानाने म्हणाले होते, "चार-पाच विद्यापीठांनी मिळून बनवलंय. फुकट आहे, आणि यात कुणापासून काही लपवलेलं नसतं."

त्यावर गटाने मिळून एक प्रकल्प लिहायचा होता. आमच्या गटात मी, सोनल आणि मनीषा. सुरतेच्या डिंडोलीत मनीषा माझ्या शेजारीच राहते. दिवाळीनंतर घरच्यांनी तिची शाळा सोडवली आणि कडोदऱ्याला साड्यांच्या घड्या घालायच्या कामाला लावलं. ती म्हणाली, "गटात माझं नाव राहू देजो. मी रविवारी फोनवर लिहीन."

दोन रविवार गेले. तिचा भाग रिकामा, म्हणून गटाचे गुण अडकले. सोनल म्हणाली, "काढ ना यार नाव. तिला कुठे कळणार आहे?" त्यासाठी दोघींची संमती लागत होती. मी 'हो' दाबलं. मग सोनलने दाबलं.

पुढच्या रविवारी मनीषा नळावर भेटली. मी उगाच विचारलं, "काम कसं आहे गं?"

तिने फोन पुढे केला. नाव काढल्याचा निरोप होता आणि खाली संमती देणाऱ्यांची नावं.

"सोनलचं समजू शकते," ती म्हणाली, "पण तुझं नाव पहिलं आहे."