पुंजाजी डावीकडून निघाला तो दिवस

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या गावचे सरपंच माननीय महादेवराव, पंचायत समितीचे सदस्य हिंमतराव, दवाखान्याचे डॉक्टरसाहेब, आज सेवानिवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती सिस्टर सत्यभामाबाई, आणि समोर जमलेल्या अमडापूरच्या बंधुभगिनींनो,

शाळेतला मास्तर आणि आपल्या क्रीडा मंडळाचा चिटणीस या नात्यानं मी दोन शब्द बोलावेत, असं अध्यक्षांनी सुचवलं. मघापासून मी या खुर्चीत नीट टेकलेलो नाही. दोनदा उठून पाणी प्यालो. हिंमतरावांनी विचारलंसुद्धा, "भगवानराव, काऊन अशी चुळबुळ करून राह्यले?" मी म्हटलं, उकाडा आहे. उकाडा आहेच, पण कारण ते नव्हे.

बाईंनी अकरा वर्षांत किती बाळंतपणं केली, किती लेकरांना देवी टोचल्या, ते डॉक्टरसाहेबांनी सांगितलं. मी त्यांच्या वेडाबद्दल बोलणार आहे. बाईंना खेळ पाहण्याचं वेड. शंकरपटात बैलजोडी सुटली की त्या चवड्यांवर उभ्या राहायच्या. कुस्त्यांच्या दंगलीला तर देऊळगावराजाहून त्यांचे भाऊ मुद्दाम सांगावा धाडायचे. पण जीव खरा हुतूतूवर. सामना असला की औषधांची पेटी घेऊन मैदानाच्या कडेला हजर. पेटी हे निमित्त होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. लोक कुजबुजायचे, बाईमाणसाचं इथं काय काम? बाई ते ऐकायच्या, आणि पुढच्या सामन्याला आणखी लवकर यायच्या.

खेळ तर आपण सगळेच पाहतो. पण पाहतो काय? आपलं गाव जिंकलं की नाही, एवढंच ना? बाई एकेक गडी पाहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मास्तर, तुमचा पुंजाजी दर वेळी उजवीकडूनच चढाईला निघतो. समोरच्यांनी हे हेरलं तर काय करणार तुम्ही?" दहा वर्षं मी संघ चालवत होतो. माझ्या ते कधी ध्यानात आलं नव्हतं.

अध्यक्ष महाराज, वेळ थोडा जास्त घेतोय, सांभाळून घ्या.

चौसष्ट सालचा अंतिम सामना तुम्हाला आठवत असेल. लोणारचा संघ, मैदान आपलं, झाडांवरसुद्धा माणसं बसलेली. चार मिनिटं उरली होती आणि आपण दोन गुणांनी पुढे होतो. पुंजाजी चढाईला गेला, लोणारच्या दोघांनी त्याचे पाय धरले आणि तो डोक्यावर आपटला. नियमानं धरलं होतं, त्यांची चूक नव्हती. पण त्याचा हात रेषेला लागला की नाही यावर वाद झाला, आणि पंचांनी चढाई पुन्हा करायला सांगितली. पुंजाजी उठला, माती झटकली, हसला. आपण टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मोठ्यानं मी.

तो पुन्हा निघाला, आणि डावीकडून निघाला.

कोणालाही न शिवता परत आला, मध्यरेषेवर उभा राहिला. तेवढ्यात बाई मैदानात शिरल्या. पंच ओरडले, लोक ओरडले. बाईंनी त्याचं मनगट धरलं आणि विचारलं, "पुंजाजी, आज कोणाशी खेळतोस रे?"

तो म्हणाला, "देऊळगावशी."

देऊळगावशी सामना आदल्या दिवशी झाला होता.

"मले काही झालं नाही बाई, खेळू द्या," असं तो म्हणतच होता. बाईंनी त्याला रेषेबाहेर आणलं. मी आडवा गेलो. म्हणालो, "बाई, चार मिनिटं फक्त. मग कुठं न्यायचं तिथं न्या. तुम्हाले खेळ समजत नाही." त्यांनी मनगट सोडलं नाही. म्हणाल्या, "तो डावीकडून निघाला, मास्तर. तुम्ही पाहिलं नाही का?" आणि त्याच्या आईला, रुखमाबाईंना, सोबत घेऊन समोर उभ्या असलेल्या चिखलीच्या बसमध्ये त्याला बसवलं.

आपण एका गुणानं हरलो.

आता बोलायचं ते बोलतो. दिवस मावळायच्या आत मी शाळेत बसून जिल्ह्याच्या कार्यालयाकडे एक अर्ज लिहिला. सदर परिचारिका पुरुषांच्या मैदानात शिरल्या, खेळात अडथळा आणला, गावाची नाचक्की केली, सबब त्यांची बदली व्हावी. पहिली सही माझी. खाली आणखी एक्केचाळीस. त्यांतले बरेच जण आज समोर बसले आहेत, आता खाली पाहताहेत. मी कोणाचं नाव घेणार नाही. लिहिणारा मी होतो, सह्या मागत दारोदार फिरणाराही मीच. सकाळी पोस्टाच्या पेटीत कागद माझ्याच हातानं पडला.

तिसऱ्या दिवशी बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यातून निरोप आला. चिखली येण्याआधीच पुंजाजीला उलट्या झाल्या होत्या, मग शुद्ध गेली. दोन दिवस शुद्ध नव्हती. बाई त्याच्या उशाशी होत्या. तिथले डॉक्टर रुखमाबाईंना म्हणाले, आणखी एकदा पडला असता तर इथवर आणून उपयोग नव्हता. पुंजाजी आज मागच्या रांगेत बसला आहे, मांडीवर लेक आहे.

हे कळल्यावर मी काय केलं? दुसरा अर्ज लिहायला एक कागद पुरला असता. मी लिहिला नाही. वाटलं, कार्यालयात असे शंभर कागद पडतात, हाही पडून राहील. तो पडून राहिला नाही. बाईंकडून खुलासा मागवला गेला. त्यांनी दोनच ओळी लिहिल्या: होय, मी मैदानात गेले. तशीच वेळ आली तर पुन्हा जाईन. बदली टळली, पण वरून लेखी हुकूम आला की परिचारिकेनं खेळांच्या ठिकाणी जाऊ नये.

म्हणून बाई चार वर्षं सामन्याला आल्या नाहीत. गावात बोललं गेलं, बाईंना आता वयामुळं सोसत नाही. मीही मान डोलावली. दवाखाना मैदानापासून दोनशे पावलांवर. आरडाओरडा तिथं ऐकू जायचा. सामना संपल्यावर पट्टी बांधायला आलेल्या गड्यांना बाई विचारायच्या, "कोण बाद झालं? कोणी पकडलं?" हे मला आपल्या संघातल्या शालिग्रामनं सांगितलं, तेव्हा मी विषय बदलला.

काल दुपारी मी बाईंच्या घरी गेलो. त्या भांडी पोत्यात भरत होत्या. उभ्यानंच सांगितलं की तो अर्ज माझा होता. बाई म्हणाल्या, "ठाऊक आहे. खुलाशाच्या वेळी दाखवला होता मला. खाली तुमचं नाव होतं की."

चार वर्षं रोज समोरासमोर येऊन त्या मला नमस्कार करत होत्या. माझ्या धाकटीचं बाळंतपण त्यांनी केलं, याच काळात. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही, आणि विचारायचं धाडस मला झालं नाही. पातेलं खाली ठेवून त्या म्हणाल्या, "एक सांगा मास्तर. त्या दिवशी शेवटच्या चार मिनिटांत झालं काय? मी बसमध्ये होते. मला अजून कोणी धड सांगितलेलं नाही."

मग मी उंबऱ्यावर बसलो आणि सांगितलं. लोणारनं बरोबरी कशी केली, मग एक गुण वर कसा चढवला, शेवटची चढाई शालिग्रामची कशी, आणि रेषा हातभर उरली असताना त्याचा दम कसा तुटला. बाई म्हणाल्या, "उजव्या कोपऱ्यात गेला असेल. तिथून परतायला त्याला दम पुरत नाही." उजव्याच कोपऱ्यात गेला होता.

बाईंनी आज दुपारी तीन वाजता पदभार सोपवला. तो हुकूम नोकरीतल्या परिचारिकेसाठी होता. मंडळानं आज पाच वाजता मेहकरच्या संघाला बोलावलं आहे. मैदान आखून तयार आहे.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. भाषणात शब्द पुढंमागं झाले असतील, ते सभेनं पदरात घ्यावेत. चौसष्ट सालच्या त्या कागदाबद्दल मात्र, बाई, मी तुमच्यापुढं सगळ्यांदेखत हात जोडतो. उत्तर आज द्यायलाच हवं असं नाही.

आणि मला आता थांबायला हवं. बाईंनी दोनदा खुणेनं विचारलं आहे, किती वाजले म्हणून.