किल्ल्यांच्या जुडग्यातला ओपनर

ताई : उलटा धरलायस. पातं आतल्या अंगाला, खाच कडेखाली. पण हा ओपनर माझ्या भावाच्या किल्ल्यांच्या जुडग्यातला ना? तो कुठाय?

भावजय : बाथरूममध्ये. बाहेरून कडी लावलीय.

आतून : ताई, तू आलीस? उघड आधी. या बाईनं माझं डोकं फोडलंय.

ताई : कशानं गं?

भावजय : वाटाण्याच्या डब्यानं. भरलेल्या.

ताई : बोलतोय म्हणजे शुद्धीवर आहे.

भावजय : मघापासून माझं सगळं खानदान उद्धारून झालंय. ताई, हे मनगट बघा, त्यानं पिरगळलंय. ओपनर फिरतच नाही.

ताई : झालं काय, ते नीट सांग.

भावजय : गोदामातले डबे आणून कपाट भरतो, आणि जाताना ओपनर खिशात, दाराला कुलूप. म्हणतो, माझ्या हातानं उघडेल तेच खायचं. परवापासून पोटात पाणीच आहे. सुरीनं उघडायला गेले, सुरी मोडली. मग सुरीचं नुकसान केलं म्हणून मारलं. आज माझ्यासमोर उभ्यानं मासे खाल्ले आणि रिकामा डबा पुढं केला, तेल चाट म्हणाला. मी वाकले, ताई. त्यानं मान दाबली. कड गालात घुसली. मग हाताशी आला तो डबा घातला डोक्यात. खाली पडला तरी घालतच होते. जुडगा त्याच्या खिशातनं पडला, आणि तो रक्त धुवायला आत गेला तशी मी कडी घातली.

आतून : साफ खोटं बोलतेय. रक्त थांबत नाहीये माझं. तुझा धाकटा भाऊ ना मी?

ताई : टॉवेल दाबून धर.

भावजय : उघडणार तुम्ही? मागच्या खेपेला म्हणालात, तापट आहे, सांभाळून घे. आज बाहेर आला तर मला जिवंत सोडणार नाही तो.

(दारावर लाथा बसतात. कडीचा एक स्क्रू निखळून पडतो.)

ताई : टेबलाचं ते टोक धर. डाव्या हातानं. लाव दाराला.

आतून : काय लावलंस गं?

ताई : टेबल. वर मी बसलेय. माझं वजन तुला ठाऊक आहे, उगाच पाय मोडून घेऊ नकोस. पोलिसांना फोन लावतेय, अँब्युलन्सही मागवते.

भावजय : मला धरून नेतील का?

ताई : नेलं तर मी बरोबर येईन. तुझा गाल दाखवेन, मनगट दाखवेन. आण तो डबा इकडं. हा नको, याला केस चिकटलेत. दुसरा आण.

भावजय : हा चालेल?

ताई : चालेल. बघ, खाच कडेखाली अडकवायची, मूठ वर वळवायची. कच्च. थोडं पुढं सरकायचं. पुन्हा कच्च.

भावजय : एवढंच?

ताई : एवढंच. घे.

आतून : ताई, परक्या पोरीसाठी सख्ख्या भावाला...

ताई : गप रे. जेवतेय ती.

भावजय : तुम्ही घ्या ना थोडे.

ताई : तू खा. आणि सावकाश, कुणी हिसकावून घेत नाहीये.