सुतळीचा काटकोन

मूल शाळेला जायला रडलं तर आधी कारण विचार, असं जाऊबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. काल बालाघाटच्या बसस्टँडवर मागच्या बाकावर एक मिस्त्री बहिणीशी बोलत होता.

"आपल्या श्रुतिकाचा कंपासातला परकार तुटला, तं तिनं पेन्सिलीले सुतळी बांधून काटकोन काढला."

"चुकला का, दादा?"

"म्या सोता मोजला, बरोब्बर! तरी मास्तरनं पान फाडलं. म्हणे, 'मिस्त्रीगिरी यहाँ नहीं चलेगी.'"

"आन् तू गप आला?"

"गप काहून येईन? म्हटलं, गुर्जी, तुमच्या घराचा पायाबी म्या सुतळीनंच आखला, मंग तोही उखडा!"

"हौ, बरं केलं! पोरगी काय म्हणते?"

"शाळेत जात नाही, दोन दिसांपासून धड जेवत नाही."

इतक्यात भरवेलीची बस लागली, बहिणीचा निरोप घेऊन तो चढला. तुम्ही तिकडचे असाल, तर त्या मिस्त्र्याची श्रुतिका जेवली का, तेवढं बघून या.